नाथाला सिनेमाची हजेरी

सावळारामला त्या वर्षी मासवडीनं बुडवलं. म्हणजे तो तसं सांगायचा. खरं तर तो आपल्या जिभेनं बुडाला, पण स्वतःच्या जिभेवर आळ घेणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

झालं असं. तळेघरच्या वर, भीमाशंकरच्या अंगाला जांभळवाडी म्हणून गाव आहे. भात आणि नाचणी पिकवणारं, दिवसातून एक एसटी येणारं, तीही तिच्या मनात आलं तर. गावाचा देव भैरवनाथ आणि त्याची यात्रा चैत्री पुनवेला. यात्रेचा कारभार दरसाल एकेका घराकडं फिरतो. शहाण्णव साली तो सावळारामकडं आला. कारभाऱ्याचं मोठं काम एकच. नारायणगावला जायचं, तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडलेल्या असतात, त्यातला एक फड ठरवायचा, सुपारी द्यायची आणि परत यायचं. सावळाराम पाडव्याच्या कितीतरी आधी निघाला, ही त्याची हुशारी. वाट वाकडी करून निरगुडसरला बहिणीकडं उतरला, इथं घात झाला.

बहिणीनं मासवडी केली. जाळ रस्सा, खसखशीचं सारण, वर बाजरीची भाकरी. सकाळी निघतो म्हणाला तर बहिणीनं हात धरला, दुसऱ्या दिवशी भाच्यांनी धरला, आणि त्याचा हात धरायला काही फार जोर लागत नव्हता. नारायणगावला पोचला तेव्हा पाडवा उलटून गेला होता आणि पुनवेची तारीख एकाही फडाकडं शिल्लक नव्हती.

"पावणं, पुनव म्हंजे आमचा हंगाम," राहुटीतला मॅनेजर म्हणाला. "वद्यात या की. मस्त करू."

आता देवाची पुनव वद्यात ढकलायची म्हणजे नाथालाच सांगायचं की जरा थांब, कारभारी मासवडी खात होता. सावळारामला घरी जायला तोंड राहिलं नाही. तो उगाच जुन्नरला गेला, उगाच बाजारात फिरला, आणि तिथं त्याला पीरमहंमद भेटला.

पीरमहंमदचा तंबूचा सिनेमा होता. वीसेक वर्षं तो जुन्नर-आंबेगावच्या यात्रांतून मशीन, पडदा आणि तंबू घेऊन हिंडायचा. पण आता घरोघरी टीव्ही आले होते, पारगावकडं तर ऊसतोडीच्या टोळीतही कुणीतरी व्हिडिओ लावायचं, आणि तंबूला कुणी बोलवेना. पुनवेला तो रिकामा होता. दोन गरजू माणसं चहाच्या गाड्यावर समोरासमोर आली की सौदा जमायला वेळ लागत नाही.

"कसला सिनेमा हाय, भाई?" सावळारामनं विचारलं.

"मारामारीचा. चिनी आहे, पण हिंदीत बोलतो. तलवारी आहेत, जादू आहे. माणसं उडतात, सावळारामभाऊ."

"उडत्यात?"

"झाडावरनं. पाण्यावरनं पण."

सावळारामनं मनातल्या मनात नाथाला हात जोडले आणि हो म्हणाला.

गावात ही बातमी पोचली तेव्हा जे व्हायचं ते झालं. सगळ्यात पेटला तो भिमाजी वस्ताद. भिमाजी म्हणजे तालमीतला म्हातारा. त्याच्या हाताखाली गावाच्या तीन पिढ्या मातीत लोळल्या होत्या, आणि यात्रेतल्या कुस्त्यांचा पंच तोच. मारामारी या विषयावर आपल्याशिवाय कुणी तोंड उघडू नये असं त्याचं स्पष्ट मत होतं.

"उडत्यात म्हनं," तो पारावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "उडनाऱ्याला चितपट कसा करायचा? पाठ लावाया जमीन नगं का? सावळाराम, तमाशा बुडवलास तो बुडवलास, वर कुस्तीची पन थट्टा आनलीस."

सावळाराम पाराला वळसा घालून घरी गेला. दुसरं करणार काय?

यात्रेच्या दिवशी दुपारी पीरमहंमदचा टेम्पो घाट चढून आला. देवळासमोरच्या मोकळ्या वावरात त्यानं तंबू उभा केला, पडदा ताणला आणि मग तंबूच्या मधोमध, पडद्यापासून दारापर्यंत एक दोरी बांधायला घेतली.

"ही कशाला?" सावळारामनं विचारलं.

"इकडं गडी, तिकडं बायका."

"बायका? अवो भाई, यात्रंच्या कारेक्रमाला बायका येत न्हाईत."

"तमाशाला येत नसतील," पीरमहंमद गाठ मारत म्हणाला. "हा सिनेमा आहे, भाऊ. सिनेमाला येतात."

यात्रेत बायकांच्या वाट्याला काय यायचं ते सांगायला हवं. घरोघर पाहुणे, पंगतीवर पंगती, पुरणाचं दळण, मटणाचं वाटण, आणि सगळं आवरून अंग टाकलं की देवळाकडून येणारा ढोलकीचा आवाज. तेवढाच त्यांचा तमाशा. सावळारामची बायको ठमाबाई लग्न होऊन गावात आली त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली होती. इतक्या यात्रा तिनं रांधल्या, पण एकही पाहिली नव्हती. आणि हे सावळारामच्या कधी लक्षातही आलं नव्हतं. वाईट माणूस नव्हता तो. घरातल्या माणसाकडं जसं आपण बघायचं विसरतो, तसा तोही विसरला होता.

दिवस मावळला, पालखी फिरून आली आणि दोरीच्या पलीकडं बायका येऊन बसल्या. आधी बयाबाई आली, शेजारची म्हातारी विधवा. तिला कुणाला विचारायचं नव्हतं. मग तिच्या आडोशानं चार, मग दहा, मग ती बाजू भरूनच गेली. ठमाबाई पहिली पंगत उठवून, हात पदराला पुसत आली आणि बयाबाईजवळ टेकली.

सिनेमा सुरू झाला. एका डोंगरातल्या गावाची नदी एक जादूगार चोरतो आणि आपल्या किल्ल्यात कोंडून ठेवतो, अशी ती गोष्ट. तांबड्या झग्यातला एक तलवारवाला पहिल्यांदा झाडावरून उडाला तेव्हा गड्यांच्या बाजूला हशा पिकला.

"अरं, तार बांधली आसंल त्याला!"

"खाली जाळी धरली आसंल, राव!"

"हे बघा," भिमाजी वस्ताद मागं वळून म्हणाला, "पाय सुटला की कुस्ती सुटली. ह्यो गडी माझ्याकडं आसता तर कान पिळला आसता."

पण मग गोष्टीत एक पोरगी आली. तिला नदी सोडवून आणायची होती, म्हणून ती एका पांढऱ्या दाढीच्या गुरूकडं लढाई शिकायला जाते. गुरू काय करतो? तिच्या हातात तलवार देतच नाही. खांद्यावर दोन घागरी देतो आणि म्हणतो, दरीतून पाणी आण. ती आणते. पुन्हा आण म्हणतो. पावसात, उन्हात, घसरड्या वाटेनं ती नुसतं पाणी वाहत राहते.

"आगं बया," बयाबाई मोठ्यानं म्हणाली, "हे तर आपुन रोजच करतो!"

बायकांची बाजू अशी हसली की पीरमहंमदनं मशीनमागून मान वर काढून बघितलं. चैत्रात जांभळवाडीचे झरे आटतात आणि बायका खालच्या दरीतून हंडे आणतात, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

"मंग आपुन का उडत न्हाई गं?" दुसरी कुणीतरी म्हणाली.

आणि नेमकी त्याच वेळी पडद्यावरच्या पोरीनं घागरी खाली ठेवल्या, एक पाय उचलला, आणि वर गेली. बांबूच्या शेंड्यांवरून, धुक्यावरून, सरळ. बायकांनी जी किंकाळी फोडली ती खालच्या वाडीत ऐकू गेली म्हणतात. आता गड्यांच्या बाजूला कुणी हसलं नाही. भिमाजी पुढं सरकून बसला. पोरगी खाली उतरून पवित्रा घेऊन उभी राहिली तसा तो हळूच म्हणाला, "पायात बळ हाये पोरीच्या. पानी वाहिल्यालं पाय हायेत ते." आणि आपण काय बोललो हे लक्षात येताच फेटा सारखा करू लागला.

सावळारामला इतका आनंद झाला की त्याला कुणालातरी मिठी मारावीशी वाटली. तेवढ्यात घरून निरोप आला. तळेघरचे पाहुणे जेवायचे राहिलेत, ताटं कोण वाढणार? तो दोरीपाशी गेला आणि वाकून म्हणाला, "अगं, पावणं खोळंबल्यात."

पोरगी जादूगाराच्या किल्ल्याच्या दारात उभी होती. ठमाबाईनं एकदा पडद्याकडं पाहिलं, आणि उठली. सावळाराम तिच्या मागोमाग गेला, कारण कारभाऱ्यालाही पंगतीवर उभं राहावं लागतं.

सकाळी चहा देताना तिनं विचारलं, "मंग पानी सोडलं का तिनं?"

"कुनी?"

"त्या पोरीनं."

"मी कुटं बघितलं? सिनेमा हाये त्यो. सोडलंच आसंल," सावळाराम म्हणाला आणि बशीत चहा ओतला. ठमाबाई चुलीकडं वळली.

चहा संपायच्या आत भिमाजी वस्ताद दारात हजर. त्याच्या मागं आणखी चार म्हातारे आणि देवळाचा गुरव.

"सावळाराम, हजेरीचं काय?"

सावळारामनं बशी खाली ठेवली. हजेरी! यात्रेचा फड गाव सोडण्याआधी, दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेडात देवासमोर खेळ करतो. ती हजेरी. रात्रीचा खेळ माणसांचा, सकाळचा देवाचा. हजेरी झाली की यात्रा देवाला पोचली आणि मग दुपारी कुस्त्या. आजवर ती कधी चुकली नव्हती. एका साली फडातला सोंगाड्या तापानं फणफणला होता, तर त्याला खाटेवर आणून दोन वाक्यं बोलायला लावली होती. आणि सावळारामनं सिनेमा ठरवताना फक्त रात्रीचा विचार केला होता.

"अवो, सिनेमाला कसली हजेरी?"

"का? त्यो काय नाथाच्या वर हाये का?" भिमाजी म्हणाला. "गावानं बघितलं. नाथानं कवा बघायचं?"

सावळारामच्या डोळ्यांपुढं पुढची सगळी वर्षं उभी राहिली. पाऊस लांबला, हजेरी बुडली म्हणून. बैल दगावला, हजेरी बुडली म्हणून. तो मेला तरी लोक म्हणणार, सावळारामच्या साली हजेरी बुडली. पाय ओढत तो वावरात गेला. पीरमहंमद तंबूचे खुंटे उपटायच्या तयारीत होता.

सगळं ऐकून घेऊन त्यानं हातातली पहार खाली ठेवली. मग म्हणाला, "माझ्या उमरीत मला हे कुणी विचारलं नाही, भाऊ. सिनेमा संपला की लोक धुरळा उडवून जातात. परत दाखव म्हणणारे भेटले, देवाला दाखव म्हणणारे तुम्हीच."

"मंग दावा ना, भाई."

"कसा दाखवू? उन्हात पडदा नुसता पांढरा. तंबू बघा माझा, गाळणी झालीय. अंधाराशिवाय सिनेमा होत नाही."

माणसं गोल करून उभी होती आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडं बघत होता. गडीमाणसं अडचणीत अशीच उभी राहतात. बाजूनं पाण्याचा हंडा घेऊन ठमाबाई चालली होती. ती थांबली.

"अंदारच करायचा ना?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता घराकडं गेली.

परत आली तेव्हा डोक्यावर हंड्याऐवजी गोधड्यांचा ढीग होता. तिच्या मागून बयाबाई घोंगडी घेऊन आली. मग घराघरातून बायका निघाल्या. पाहुण्यांखालच्या गोधड्या काढल्या, म्हाताऱ्यांच्या अंगावरच्या काढल्या, बाळंतिणीचीसुद्धा एक आली. तालमीतली पोरं तंबूवर चढली. गोधडीवर गोधडी, वर काळी घोंगडी, फटीत पोतं. जुन्या लुगड्यांच्या हिरव्या-तांबड्या ठिगळांनी तंबू असा सजला की लग्नाचा मांडवही फिका पडावा. आत गेलं तर हाताला हात दिसेना.

आता गुरवानं खोड काढली. "आंदार झाला, पर नाथाला देवळातनं दिसंल कसं?"

दार उघडं ठेवलं तर उजेड, लावलं तर देव बाहेर. म्हाताऱ्यांत बरीच चर्चा झाली. शेवटी भिमाजीनं पंचाच्या थाटात निकाल दिला, "नाथाला आत आना."

पालखीत नाथाचा मुखवटा ठेवून, हलगी वाजवत पालखी तंबूत आली. पडद्यासमोर मधोमध ठेवावी तर तिथं दोरी. नाथ गड्यांच्या बाजूला का बायकांच्या, हा नवा वाद सुरू होणार तोच पीरमहंमदनं पुढं होऊन दोरी सोडली आणि गुंडाळून खिशात घातली. मग ज्याला जिथं जागा मिळाली तो तिथं बसला. पीरमहंमद मशीनकडं गेला. आधी त्यानं तंबूच्या दारात चपला काढल्या. देव बसलेला होता ना.

सिनेमा सुरू झाला. गोधड्यांखाली असं उकडत होतं की माणसं भिजून गेली, पण कुणी हललं नाही. उडणाऱ्या गड्याला आज कुणी हसलं नाही. घागरी आल्या तशा बायका बोलायला लागल्या, "हां, आता वर बघ, नाथा, आता वर बघ." पोरगी उडाली तेव्हा भिमाजीनं डोक्याचा फेटा सोडून हातात घेतला आणि ओरडला, "पोरीला माझा फेटा!" आखाड्यात आवडलेल्या पैलवानाला तो देतो तसा. पण पोरगी पडद्यावर, फेटा द्यायचा कुणाला? क्षणभर तो तसाच उभा राहिला. मग मागं गेला आणि अंधारात चाचपडत पीरमहंमदच्या डोक्याला तो फेटा बांधला. पीरमहंमदचा एक हात मशीनवर होता. दुसऱ्या हातानं तो डोळे पुसत होता.

सावळाराम दाराजवळ उभा राहून हे बघत होता. नाथानं लाज राखली, गावानं राखली, एका परक्या माणसानं राखली. आणि ठमाबाईनं. ती पालखीच्या अगदी शेजारी बसली होती. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता आणि तिचं तोंड लहान पोरीसारखं उघडं होतं. सावळारामला वाटलं, हे तोंड आपण आजच पाहतोय.

पोरगी किल्ल्याच्या दाराशी आली. आणि बाहेरून कुणीतरी गोधडी बाजूला करून डोकं घातलं. "कारभारी, आखाड्याचं पैलवान आल्यात घाटाखालनं. चा-पानी, न्ह्यारी बघा. वैनीला धाडा."

ठमाबाईनं ऐकलं. सवयीनं तिचा हात जमिनीवर टेकला, उठण्यासाठी.

सावळाराम वाकत वाकत, माणसांच्या गुडघ्यांतून तिच्यापर्यंत गेला. तिच्या खांद्यावर हात ठेवला. चारचौघांत त्यानं हे पहिल्यांदाच केलं असेल. "बस तू," तो म्हणाला. "म्या बघतो."

घरी जाऊन त्यानं चूल फुंकली. धुरानं डोळे लाल झाले, चहा उतू गेला, साखर दोनदा पडली. पैलवानांनी तो पाक गपचूप प्याला, कारण चूल सांभाळणारा कारभारी त्यांनी कधी पाहिला नव्हता.

तो परत वावरात आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. पालखी देवळात गेली होती. फेटा बांधलेला पीरमहंमद मध्ये उभा होता आणि गाव त्याच्याभोवती. मानाचा नारळ कारभाऱ्यानं द्यायचा असतो. सावळारामनं गुरवाकडून तो घेतला, दोन पावलं पुढं गेला, आणि वळून ठमाबाईच्या हातात दिला. म्हाताऱ्यांत थोडी कुजबुज झाली. भिमाजी खाकरला आणि कुजबुज थांबली.

ठमाबाईनं पदर सारखा केला. "भाऊ," ती पीरमहंमदला म्हणाली, "लई उपकार झालं. इतक्या यात्रा झाल्या, आमाला बसा कुनी म्हनलं न्हवतं."

पीरमहंमदनं नारळ दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. मग मान हलवून तो टेम्पोकडं गेला. फेटा त्यानं उतरवला नाही. घाट उतरेपर्यंत तो दिसत होता.

दुपारी कुस्त्यांना गाव आखाड्यावर गेलं. वावरात गोधड्यांचा ढीग पडला होता आणि कुणाची कुठली ते निवडत ठमाबाई बसली होती. सावळाराम आखाड्याकडं निघाला होता. हलगी कडाडत होती. तो थांबला, मागं आला आणि गोधडीचं दुसरं टोक धरून घडी घालू लागला.

दोन-चार घड्या झाल्या. मग त्यानं विचारलं, "मंग पानी सोडलं का तिनं?"

"सोडलं," ठमाबाई म्हणाली. "पर आसं न्हाई. आदी खाली बसा. पयल्यापासनं सांगते."